पुण्यापासून दीड तासाच्या आत मातीच्या सायकलवाटा: कुठल्या, कधी आणि शोधायच्या कशा?

वारजेकर | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपूर्वी पुढे शॉकर असलेली, २९ इंची चाकांची सायकल घेतली. आत्तापर्यंत डांबरीवरच चालवली. खडकवासला, डोणजे, आठवड्यातून एकदा सिंहगडाचा पायथा. दम आता बऱ्यापैकी टिकतो. पण सायकल घेतली ती मातीत चालवायला, आणि माती काही सापडत नाही.

गेल्या दोन रविवारी फोनवरचा नकाशा बघून निघालो. पहिल्या रविवारी भूगावच्या मागे वळणावळणाची एक छान वाट दिसत होती. ती दोन किलोमीटरवर प्लॉटिंगच्या तारेच्या कुंपणाला जाऊन टेकली. कुंपण इतकं नवं की खांबांखालचं सिमेंटही अजून ओलं होतं. दुसऱ्या रविवारी शिवण्याच्या बाजूने आत शिरलो, तर समोर संरक्षण खात्याचा फलक. मागे फिरलो.

मला धोकादायक उड्या मारायच्या नाहीत. पहाटे निघून अकरापर्यंत घरी यायचं, डोंगराचा वारा खायचा, चढ-उतार अंगावर घ्यायचा, एवढंच. बायकोही येणार आहे. तिने शाळेनंतर सायकल चालवलेली नाही, पण तिची तयारी आहे. अशा दोघांना झेपतील अशा वाटा सांगाल का? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही लोक त्या शोधता कशा?

---

सह्यचाक | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वारजेकर, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो. मी अकरा वर्षं पुण्याच्या भोवती मातीत सायकल चालवतोय. माझ्या आवडीच्या वाटांपैकी निम्म्याहून अधिक आज उरलेल्या नाहीत. कुठे प्लॉटिंग झालं, कुठे खाण लागली, कुठे थेट काँक्रीट पडलं. नुसती वाटांची यादी दिली तर दोन वर्षांत ती तुमच्या काही कामाची राहणार नाही. शोधायची सवय लागली की ती मात्र कायमची.

मी घरी बसून तीन गोष्टी बघतो. पहिली, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा. आता तो ऑनलाइन मिळतो. त्यात पाऊलवाटा आणि गाडीवाटा तुटक लाल रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात. वाटेच्या दिशेने मोजून दोन समोच्च रेषांमध्ये ४ मिलिमीटर अंतर आलं, तर चढ १० टक्के. घाम निघेल, पण सायकल चढेल. अंतर २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आलं, तर चढ २० टक्के किंवा जास्त, आणि सैल मुरुमावर तिथे सायकल ढकलायचीच. एक पट्टी आणि चहाचा कप घेऊन बसा. तासाभरात कुठून चढायचं आणि कुठून उतरायचं ते कळतं.

दुसरी, उपग्रहाची चित्रं, आणि तीही जुन्या तारखांची. गवत वाळल्यावरचं, एप्रिल-मे महिन्यातलं चित्र शोधा. तेव्हा डोंगर उघडा पडलेला असतो आणि गुरांच्या वाटा पांढऱ्या दोऱ्यांसारख्या स्पष्ट दिसतात. पावसाळ्यानंतरच्या चित्रात त्याच वाटा गायब असतात. नवं-जुनं चित्र शेजारी ठेवलं की कुंपणं कुठे सरकतायत तेही दिसतं. तुमचा पहिला रविवार एवढ्यानेच वाचला असता.

तिसरी, लोकांनी नोंदवलेल्या फेऱ्यांचा उष्णनकाशा (हीटमॅप), म्हणजे स्ट्राव्हा ॲपवरचा. जिथून जास्त लोक जातात ती रेघ त्यात जास्त ठळक दिसते. पण त्यात चालणारे, पळणारे, मोटरसायकलवाले सगळे मिसळलेले असतात. ठळक रेघ दिसली म्हणून ती सायकलची वाट असं समजू नका. कात्रज ते सिंहगडाची धार तिथे चांगली उजळलेली दिसते, पण ती चालायची वाट आहे. तिथे सायकल नेलीत तर बराच वेळ ती तुमच्या खांद्यावर असेल.

आणि यानंतर, काहीही झालं तरी, पहिली फेरी पायी. हे मी मनापासून सांगतो. पायी गेलं की वाट कोणाची आहे ते कळतं. गुरं कुठे बसतात, पाणी कुठे आहे, कुठल्या वळणापलीकडे कडा आहे, हे सायकलवरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वाटांबद्दल दुपारी लिहितो, आता कामावर जायचंय.

---

कातळ | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

वाटांआधी टायरचं सांगतो, नाहीतर नवा माणूस पहिल्याच फेरीत सायकल खांद्यावर घेऊन घरी येतो.

आपल्याकडे दोन शत्रू आहेत, बाभूळ आणि सराटा. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि पांढरा असतो. वाळून पडला तरी त्याचं टोक बोथट होत नाही. सराटा जमिनीलगत पसरतो, पिवळं फूल येतं, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. दिवाळीनंतर सराटा वाळला की माळावर तो अक्षरशः पेरलेला असतो. मागच्या जानेवारीत मी सासवडच्या माळावरून आल्यावर एका टायरमधून चिमट्याने १४ काटे काढले. ट्यूबलेस होतं म्हणून घरी पोचलो.

तुमचं रिम चालत असेल तर ट्यूबलेस करून घ्या. २९ च्या टायरला १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं द्रव, घाला. पुण्याच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे मार्चमध्ये एकदा व्हॉल्व्हमधून तपासून पुन्हा भरायचं. हवा डांबरीसारखी ठणठणीत ठेवू नका. ७० किलोच्या माणसाने पुढे २४, मागे २७ पीएसआय अशी सुरुवात करावी आणि आपल्या अंदाजाने एक-दोनने कमीजास्त करावी. ट्यूब असेल तर ३२ च्या खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

आणखी एक. काटा दिसला की लगेच उपटू नका. ट्यूबलेसमध्ये तोच बूच असतो. घरी येऊन काढा, चाक फिरवा, सीलंटला त्याचं काम करू द्या.

---

सह्यचाक | ४ नोव्हेंबर, दुपारी २.०५

आता वाटा.

तुम्हा दोघांसाठी मी बोपदेव घाटाच्या माथ्यावरून सुरुवात करीन. कोंढव्यातून घाट चढा. वहिनींना घाट नको असेल तर सायकली गाडीवर टाकून वर न्या, त्यात काही कमीपणा नाही. माथ्यावर पोचलात की पुढे बोपगाव आणि डोंगरावर कानिफनाथाचं देऊळ. देवळापर्यंत पक्का रस्ता आहे, पण मजा आहे ती आजूबाजूच्या माळावरच्या गाडीवाटांत. बोपदेव आणि दिवे घाट यांच्यामधला हा सगळा पट्टा उघडा आहे, चढ बेताचे, जमीन मुरमाड, आणि लांबवर नजर पोचते. चुकलात तरी हरवत नाही, कुठल्याही उंचवट्यावरून देवळाचा डोंगर ओळखू येतो. ज्यांना अजून मातीवर ब्रेकचा अंदाज नाही त्यांना शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तिथे हात बसला की पुढचा टप्पा मल्हारगड. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, सरदार पानश्यांचा. सोनोरीकडून किंवा झेंडेवाडीकडून त्याच्या पायथ्याला मातीची वाट जाते. सायकली खाली लावून गड चढायला अर्धा तास पुरतो. दिवे घाटातून मात्र जाऊ नका. अवजड वाहनं, धूळ आणि उतारावर मागून येणारे ट्रक. बोपदेवमार्गे जा आणि त्याच मार्गे या.

मुळशी आणि पवनेच्या बाजूला तिकोना-तुंगच्या भोवती पाण्याकडेच्या वाटा आहेत. जागा देखण्या आहेत, पण बंगल्यांची कुंपणं दर वर्षी पुढे येतात, म्हणून नावं घेत नाही.

आणि मग राजमाची. लोणावळ्यातून तुंगार्ली, पुढे फणसराई, आणि शेवटी श्रीवर्धन-मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याचं उधेवाडी. एका बाजूने साधारण १५-१६ किलोमीटर. रस्ता म्हणजे जीपची वाट. कुठे लाल माती, कुठे हाताच्या पंजाएवढे सुटे दगड, मध्ये ओढे आणि गर्द झाडी. जाताना उतार जास्त, म्हणून जाणं सोपं वाटतं. तोच उतार दुपारी परतताना चढ होतो, तेव्हा ताकद निम्मी राखून जा. उधेवाडीत घराघरांत जेवण मिळतं, आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. तिथल्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खाताना समोर श्रीवर्धनचा बुरूज दिसतो, आणि आपण पुण्याहून सकाळी निघालो होतो यावर विश्वास बसत नाही. पण ही तुमची चौथी-पाचवी फेरी असू द्या. उधेवाडीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे कर्जतच्या बाजूला उतरणारी वाट फार तीव्र आहे, ती पायीच करायची.

अगदी शहरातलं म्हणाल तर वेताळ टेकडी आहेच. पुणे साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा ८०० च्या आसपास. म्हणजे ऑफिसच्या आधी तासाभरात खराखुरा चढ मिळतो.

---

तांबट | ४ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी सायकल चालवत नाही. गेली एकवीस वर्षं वेताळ टेकडीवर रोज पहाटे चालायला आणि पक्षी बघायला जातो. वरचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

टेकडीवर सायकली आधीही होत्या. दूधवाले, गोखलेनगरची मुलं. त्यांचा कोणालाच त्रास नव्हता. आता जे होतंय ते वेगळं आहे. मुख्य वाट सोडून, सरळ उताराला नव्या रेघा पडतायत. पहिल्या दिवशी गवत फक्त झोपतं. महिन्याने मुळं उघडी पडतात. पहिल्या वळवाच्या पावसात त्याच रेघेतून पाणी धावतं आणि ओंजळभर मातीच्या जागी हातभर खोल घळ होते. या टेकडीवर मातीचा थर आहेच मुळात वीतभर, खाली कातळ. गेलेली माती आपल्या हयातीत परत येणार नाही.

दुसरं, टिटवी, चंडोल, रातवा हे सगळे जमिनीवर अंडी घालतात. टिटवी निदान ओरडून अंगावर तरी येते. रातवा अंड्यांवर इतका निश्चल बसतो की दोन पावलांवरूनही दिसत नाही. मार्च ते जुलै हा त्यांचा काळ. दोन वर्षांपूर्वी मला एका ताज्या चाकोरीत टिटवीची चार अंडी फुटलेली सापडली. टिटवी तिथेच फिरत होती. मी अर्धा तास तिथून हललो नाही.

तिसरं, पंचवटीच्या बाजूच्या वळणावर माझ्या शेजारच्या आजींना मागून आलेल्या सायकलचा धक्का लागला. वय ७४. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. चालवणारा मुलगा चांगला होता, थांबला, घरी सोडायला आला. पण आजी त्यानंतर टेकडीवर आल्या नाहीत.

सायकलींना बंदी घाला असं मी म्हणत नाही. टेकडी वाचवायला मोर्चे निघाले तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण आमच्याबरोबर होते, ते मी विसरलेलो नाही. पण नवख्या माणसाला टेकडीचा पत्ता देताना हेही सांगत जा.

---

सह्यचाक | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

तांबटकाका, तुमचं बरोबर आहे आणि माझ्याकडून ते राहिलं, ही माझी चूक. म्हणून इथेच लिहितो.

वेताळ टेकडीवर सकाळी सहा ते नऊ हा चालणाऱ्यांचा वेळ. त्या वेळेत सायकल न्यायचीच असेल तर चालण्याच्या वेगाने, घंटी लावून. समोर वयस्कर माणूस किंवा लहान मूल दिसलं तर पाय टेकायचा. चढणाऱ्याला वाट द्यायची, मग तो पायी असो वा सायकलवर. वळण जवळ करायला नवी रेघ पाडायची नाही. मागचा ब्रेक दाबून चाक फरपटवायचं नाही, कारण माती उकरते ती त्यानेच. उतारावर पुढचा ब्रेक हळूहळू वापरायला शिकलं की चाक घसरत नाही आणि वाटही टिकते. आणि पाऊस पडून गेल्यावर तळव्याला माती चिकटत असेल, तर त्या दिवशी घरी.

आमच्या गटात गेली तीन वर्षं मार्च ते जुलै आम्ही टेकडीवरच्या गवताळ भागात जात नाही, फक्त रुंद वाट धरतो. अंड्यांचं तुम्ही सांगितलंत ते उद्या गटात वाचून दाखवतो.

---

तांबट | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

धन्यवाद. आज सकाळीच दोन सायकलवाले खाणीजवळ उतरून, सायकल हातात धरून आमच्या घोळक्यातून गेले. तुमच्यातले होते का माहीत नाही, पण बरं वाटलं.

---

सासवडची | ५ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

सह्यचाक दादांनी आमच्या माळाचं नाव काढलं म्हणून लिहितेय. माझं माहेर तिथलंच आणि मी स्वतः आठ वर्षं सायकल चालवते.

शहरातले लोक उपग्रहावरून वाट शोधतात, आम्ही ‘पाणंद’ विचारतो. शेतांच्या मधून वस्तीकडे, ओढ्याकडे, डोंगराकडे जाणारी ती सार्वजनिक गाडीवाट. गावाच्या नकाशात ती दाखवलेली असते. दोन्ही बाजूंना बांध आणि घायपाताचं कुंपण, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. पाणंदीने गेलं तर कोणाच्या रानातून जाण्याचा प्रश्न येत नाही. गावात पारावर बसलेल्या कोणालाही ‘डोंगराकडं जाणारी पाणंद कुठली?’ असं विचारा. बरोबर सांगतील, वर चहाही पाजतील. ‘ट्रेल कुठे आहे’ विचारलंत तर हायवेकडे बोट दाखवतील. बाकी गायरानात फिरायला आडकाठी नसते, पण शेतात पीक उभं असो वा नसो, बांध ओलांडू नका. नांगरलेलं रान मोकळं दिसतं, ते मोकळं नसतं.

आता महत्त्वाचं, कुत्री. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाकडे जायला निघतात. वाटेत मेंढरं खतासाठी शेतात बसवतात. त्यांची कुत्री कळपासाठी जीव देणारी आहेत, पळणारी सायकल म्हणजे त्यांच्या लेखी लांडगा. पेडल मारून सुटायचा प्रयत्न कधीच करू नका. लांबून मेंढरं दिसली की सायकलवरून उतरा. सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा. कळपाला मोठा वळसा घालून चाला आणि माणसाला मोठ्याने ‘ओ दादा, जाऊ का?’ म्हणून हाक द्या. धन्याचा आवाज आला की कुत्रं थांबतं. माझ्या आठ वर्षांत एकदाही याहून जास्त काही करावं लागलं नाही.

लांडगेही आहेत आमच्याकडे. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, आपणही त्यांच्या जाऊ नये. अंधार पडायच्या आत माळ सोडा. आणि पाणी घरूनच न्या. तीन लिटर तरी, कारण वर सावलीला झाड नाही.

---

ठाणेकर | ५ नोव्हेंबर, रात्री ९.००

मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी थोडं. आमच्याकडे डोंगर दारात आहे, पण तो राष्ट्रीय उद्यान आहे. येऊरचा डांबरी चढ सगळे करतात, तो छान आहे. आतल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय सायकल नेणं बेकायदा आहे, आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. ‘सगळेच जातात’ हे ऐकून जाऊ नका. बोरिवलीच्या बाजूने उद्यानात तिकीट काढून कान्हेरीपर्यंतचा रस्ता सायकलने करता येतो, मुलांना घेऊन जायला तो उत्तम.

मातीची खरी हौस असेल तर आम्ही पहाटेच्या गाडीने लोणावळा गाठतो. चाकं काढून सायकल पिशवीत आणि तुंगार्लीपासून राजमाची. समुद्रसपाटीच्या घामट हवेतून वर गेल्यावर फुप्फुसं मोकळी होतात. फक्त मेअखेर ते जूनच्या सुरुवातीचे, काजव्यांच्या दिवसांतले शनिवार-रविवार टाळा. रात्रभर गाड्यांची रांग असते, धूळ आणि हेडलाइट. काजवेही बिचारे दिसत नाहीत.

---

घळवाट | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

हा धागा दोन वर्षांपूर्वी वाचला असता तर माझी हासळी (गळ्याखालचं हाड) वाचली असती. ऐका.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पाऊस थांबून दहा दिवस झाले होते. मुळशी तालुक्यातला एक डोंगर, उन्हाळ्यात मी तिथे पाच-सहा वेळा चालवली होती. वाट पाठ आहे या भरवशावर उतारावरून सोडली. गवत कमरेएवढं, सोनेरी, वाऱ्यावर हलणारं. पुढचं चाक एकदम खाली गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे.

तो समतल चर होता. वनखात्याने मे महिन्यात पाणी जिरवण्यासाठी डोंगरभर सलग खोदलेला, दोन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल. काम अतिशय चांगलं, त्या डोंगरावर आता झरे टिकतात. पण चर डोंगराला आडवे असतात आणि आपण उतारावरून उभे येतो. पावसाळ्यात त्यांच्या काठावर गवत दाट वाढतं आणि वरून बघणाऱ्याला खाली खड्डा आहे असं कळत नाही.

पडल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त आकाश दिसत होतं. उजवा हात उचलेना. फोनला रेंज नव्हती. बरोबरचा मित्र धारेवर चढून गेला तेव्हा त्याला रेंज मिळाली आणि त्याने १०८ लावला. पण ‘तुम्ही नेमके कुठे आहात’ याचं उत्तर आम्हाला देता येईना. डोंगराला गावातलं नाव काय, जवळची वाडी कुठली, काहीच माहीत नव्हतं. शेवटी गुरं राखणारा एक मुलगा धावत खालच्या वाडीत गेला आणि तिथली चार माणसं घोंगडीची झोळी करून मला रस्त्यापर्यंत घेऊन आली. त्यांतल्या एका मावशींनी वाटभर माझ्या डोक्यावर पदर धरला होता, ऊन लागू नये म्हणून.

तेव्हापासून माझे नियम असे. पावसाळ्यानंतरची पहिली फेरी प्रत्येक डोंगरावर पायी, वाट कितीही पाठ असो. एकटं जायचं नाही. निघण्याआधी जवळच्या वाडीचं नाव कागदावर लिहून खिशात. आणि त्या वाडीत दिवाळीला फराळ घेऊन जायचं. यंदाही जाऊन आलो.

---

कातळ | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

घळवाट, वाचून अंगावर काटा आला. समतल चर उन्हाळ्याच्या उपग्रहचित्रात समांतर रेघांसारखे दिसतात, कंगव्याने विंचरल्यासारखे. फिरायला जाण्याआधी तेवढं जरूर बघा.

हंगामाचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत जाऊच नका. चाक दहादा फिरेपर्यंत माती चाकात आणि ते धरणाऱ्या फोर्कमध्ये गच्च बसते, चाक फिरत नाही, काडीने उकरत बसावं लागतं. तेव्हा मुरमाचे पक्के रस्ते बरे. कातळावर शेवाळ असतं ते वेगळंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, मात्र पायात कुसळं घुसतात, मोजे लांब घाला. फेब्रुवारीनंतर वणवे लागतात. धूर दिसला तर वारा आगीला जिकडे नेतोय ती बाजू सोडून लांब निघायचं आणि वनखात्याला कळवायचं.

---

वारजेकर | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

मंडळी, महिनाभर काही लिहिलं नाही, कारण जे सांगितलंत ते आधी करून बघायचं ठरवलं होतं.

पट्टी घेऊन नकाशावर बसलो. एप्रिलचं चित्र काढलं. मग एका शनिवारी आम्ही दोघं बोपगावच्या माळावर चालत फिरलो, साडेतीन तास. देवळाच्या पूर्वेला समतल चरांच्या दोन रांगा सापडल्या, गवतात पूर्ण बुडालेल्या. काठीने चाचपल्यावरच कळल्या. एक पाणंद सापडली ती सासवडचीताईंच्या युक्तीने, पारावरच्या आजोबांना विचारून. ते स्वतः उठून बांधापर्यंत दाखवायला आले.

काल सायकली घेऊन गेलो. पहिला तास बायको ब्रेक घट्ट धरून, अंग आखडून उतरत होती. एका लांब, सौम्य उतारावर मी खाली थांबलो आणि तिला वरून येऊ दिलं. अर्ध्या वाटेत तिने बोटं ब्रेकवरून सैल सोडली. चाकांखालच्या मुरमाचा आवाज बदलला, आधी खरखर होती, मग एकसारखी सरसर. खाली येऊन ती थांबलीच नाही. वळली आणि परत वर ढकलत निघाली. चार वेळा तोच उतार केला तिने.

परतताना मेंढरं आडवी आली. दोनेकशे असतील. दोन कुत्री धावत आली. आम्ही उतरलो, सायकली मध्ये धरल्या आणि हाक दिली. पलीकडून एका बाईंचा आवाज आला आणि कुत्री जागच्या जागी बसली. त्या बाईंनी विचारलं, ‘कुठनं आलासा?’ बायको म्हणाली, वारज्याहून. ‘एवढ्या लांबनं, सायकलीवं?’ म्हणून त्या हसल्या. घोड्यावर बांधलेल्या बिऱ्हाडात त्यांचं नातवंड झोपलेलं होतं, एका कोकराशेजारी.

घरी येऊन काटे मोजले. तिच्या टायरला तीन, माझ्या नऊ. हवा दोन्हींत शाबूत.

पुढच्या रविवारी, १५ तारखेला मल्हारगड करायचा विचार आहे, बोपदेवमार्गे. त्या वाटेने पायी फिरून आलेलं कोणी बरोबर असेल तर फार बरं होईल. पहाटे सव्वासहाला घाटाच्या पायथ्याशी थांबतो.

---

सासवडची | ८ डिसेंबर, रात्री ८.०५

मी येते. सोनोरीच्या बाजूची वाट मागच्याच आठवड्यात चालून आलेय, एका ठिकाणी ओढ्याचा काठ ढासळलाय, तो दाखवीन. घाट तुम्ही चढून या, मी माथ्यावर थांबते. पाणी मात्र जास्तीचं आणा. शेंगदाणे-गूळ माझ्याकडे.

---

घळवाट | ८ डिसेंबर, रात्री ९.३०

मलाही धरा. हासळी आता पक्की आहे.